गडावर ढग बसला होता

पावसाळा हा खिडकीतून पाहण्याचा ऋतू आहे, असे माझे पहिल्यापासूनचे मत आहे. समोर कांदाभजी असावी, हातात चहाची कपबशी असावी, पायाखाली कोरडी सतरंजी असावी आणि पाऊस पलीकडे असावा. पण आपल्याकडच्या शहरी माणसाचे काही वेगळेच आहे. आषाढात कुठल्या तरी डोंगरावर जाऊन नखशिखांत भिजल्यावाचून त्याला वर्ष सुफळ झाल्यासारखे वाटत नाही. पहिली झड लागली की माळ्यावरच्या पिशव्या खाली येतात, गेल्या वर्षीचे बूट पंख्याखाली वाळत पडतात, आणि "ह्या खेपेला कुठं?" हा प्रश्न चार मित्र भेटले की निघाल्यावाचून राहत नाही.

२०१६ च्या जुलै महिन्यात ह्या प्रश्नाला आमच्या वकिलाने "हरिश्चंद्रगड!" असे उत्तर दिले, आणि ज्या आवाजात तो कोर्टात तारीख मागतो त्याच आवाजात दिले, म्हणजे त्यावर वाद नको.

आम्ही पाच जण. कॉलेजात एका बाकावर बसलो, पुढे एकाच उपनगरात संसार थाटले आणि बघता बघता पन्नाशी ओलांडली. वकील दिवाणी दावे चालवतो. डॉक्टर दातांचा आहे. पण डोंगरावर कुणाचा पाय मुरगळला तरी आम्ही त्याच्याकडेच बघतो. विमेवाला विमा विकतो, म्हणजे सर्व संकटांची यादी त्याला पाठ असते. चौथा मास्तर, शाळेत गणित शिकवणारा. पाचवा मी.

ही सहल मास्तरसाठी होती. उघड तसे कुणी बोलले नव्हते, पण सगळ्यांना ठाऊक होते. त्या वर्षी फाल्गुनात त्याची बायको गेली. दुखणे पुरते तीन आठवड्यांचे. त्यानंतर मास्तर शाळेत जाई, घरी येई, जेवे, झोपे. पण त्याच्याशी बोलायला गेले की "हं" ह्यापलीकडे उत्तर नसे. आम्ही त्याच्या घरी जायचो ते आवाज खाली उतरवून. चहात साखर पडलेली नसली तरी गोड म्हणून प्यायचो. बुद्धिबळात तो उघड उघड चुकीची चाल खेळला तरी डॉक्टर आपला घोडा मुकाट्याने मरू द्यायचा. शेजारीपाजारी, नातेवाईक, शाळेतले सहकारी, सगळे त्याच्याशी असे वागत होते की जणू तो काचेचा आहे. दहावी 'क'ची मुलेसुद्धा म्हणे त्याच्या तासाला गोंगाट करीनाशी झाली होती.

"ह्याला घराबाहेर काढला पाहिजे," वकील म्हणाला. "आणि कोकणकडा ह्यानंच आपल्या कानीकपाळी ओरडून सांगितलेला आहे."

हे मात्र खरे. १९८४ साली, कॉलेजात असताना, मास्तर एका हिवाळ्यात हरिश्चंद्रगडावर जाऊन आला होता आणि पुढे कित्येक महिने त्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

ज्यांनी हा गड पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पुणे, ठाणे आणि अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) ह्या तीन जिल्ह्यांच्या सीमा जिथे एकमेकींना भिडतात तिथे, माळशेज घाटाच्या शेजारी, हा डोंगर उभा आहे. तारामती हे त्याचे सर्वांत उंच शिखर. उंची सुमारे १,४२० मीटर, म्हणजे साडेचार हजार फुटांच्या वर. किल्ला म्हणून त्याचा लौकिक बेताचाच. १७४७ मध्ये तो मोगलांकडून मराठ्यांकडे आला, ह्यापलीकडे बखरीत रंगवून सांगावे असे फारसे काही नाही. त्याचा खरा मान देवस्थान म्हणून. माथ्यावरच्या एका घळीत हरिश्चंद्रेश्वराचे कोरीव दगडी देऊळ आहे, शेजारी कोनाड्यांची पुष्करणी आहे, डोंगराच्या पोटात खोदलेली लेणी आहेत. चांगदेवांनी इथे तपश्चर्या केली आणि 'तत्त्वसार' लिहिले. देवळाजवळून मंगळगंगा निघते. आणि पश्चिमेला आहे तो कोकणकडा.

कोकणकडा हा नुसता कडा नव्हे. नागाने फणा काढावा तसा तो वरून पुढे झुकलेला आणि आत पोखरलेला आहे, अर्धवर्तुळाकार आणि प्रचंड. काठाशी पालथे पडून खाली पाहिले तर हजार फुटांहून अधिक खोल एकदम कोकण. तिथे आणखी एक अद्भुत दिसते. सकाळचा सूर्य पाठीशी असेल आणि समोर दरीत ढग भरलेला असेल तर त्या ढगावर आपली सावली पडते आणि तिच्याभोवती सप्तरंगी कडे उमटते. आकाशात असते तशी अर्धी कमान नव्हे, पुरते वर्तुळ. त्याला आपल्याकडे इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या हवामानावर एक निबंध लिहिला, तो १८३५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ह्याच गडावरच्या ह्या देखाव्याची नोंद आहे.

तर हे सगळे पाहायला आम्ही एका शनिवारी पहाटे कल्याणहून एस.टी.ने निघालो. वकिलाच्या हिशेबाप्रमाणे नऊ वाजता खुबी फाटा, दोन वाजता माथा, तीनला पिठले-भाकरी, पाचला लेणी, आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला इंद्रवज्र. इंद्रवज्राची वेळसुद्धा त्याने टिपून ठेवली होती.

* * *

माळशेज घाटात दरड कोसळली होती. पुढे गाड्यांची रांग, मागे गाड्यांची रांग, उजवीकडे धबधबे आणि डावीकडे ढग. पहिला अर्धा तास आम्ही धबधबे पाहून धन्य धन्य म्हणालो. दुसऱ्या अर्ध्या तासात दशम्या संपल्या. तिसऱ्यात विमेवाल्याने आजवर कोसळलेल्या दरडींची माहिती दिली. ती ऐकून शेजारच्या बाकावरच्या आजीबाई माळ ओढू लागल्या. खुबी फाट्यावर उतरलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता.

खुबी फाट्याहून खिरेश्वरला जायला पिंपळगाव जोगे धरणाच्या भिंतीवरून चालावे लागते. उन्हाळ्यात ती मोठी रम्य वाट असेल. आषाढात मात्र एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतार आणि मधून आम्ही; पाऊस आडवा, वारा त्याहून आडवा. माझी छत्री पहिल्याच फर्लांगात उलटी झाली, डॉक्टरची दुसऱ्या फर्लांगात उडाली. तिला पाण्यावरून तरंगत जाताना आम्ही दृष्टीआड होईपर्यंत पाहिले. विमेवाल्याने पिवळा प्लास्टिकचा कोट घातला होता. तो आतून घामाने आणि बाहेरून पावसाने असा दोन्हीकडून भिजत होता. मास्तर सगळ्यांच्या मागून, खाली बघत, एका चालीने येत होता. मधूनमधून आम्ही कुणी तरी थांबायचो आणि मऊ आवाजात विचारायचो, "ठीक आहेस ना रे?" तो म्हणायचा, "हं."

खिरेश्वरात नागेश्वराचे जुने देऊळ आहे. आतल्या छताला सुरेख कोरीव काम आहे. पण त्या वेळी आम्हांला त्या छताचे कौतुक वाटले ते निराळ्या कारणाने: ते गळत नव्हते. तिथे टेकलो, पायमोजे पिळले, उरलेला चिवडा खाल्ला. देवळाच्या ओट्यावर घोंगडी पांघरून एक म्हातारेबुवा बसले होते. त्यांनी आमच्याकडे, मग डोंगराकडे, मग पुन्हा आमच्याकडे पाहिले.

"वर निघाला का काय?"

"हो बाबा."

"आज कशाला जाताय? वर ढग बसलाय. त्यो काय दोन दिस उठायचा नाय."

आणि "जायाचंच आसंल तर संगं पोरगं देतो," असेही म्हणाले. पण वकिलाने खिशातून नकाशा काढला. मेणकापडात गुंडाळलेला तो नकाशा त्याने महिनाभर अभ्यासला होता. वाटाड्या घेणे म्हणजे आपल्या अशिलाने परका वकील करण्यासारखे आहे, असे काहीसे तो म्हणाला आणि आम्ही निघालो.

तोलार खिंडीपर्यंत सारे यथासांग झाले. खिंडीत वाघाचे चित्र कोरलेला दगड आहे. त्याला नमस्कार केला. तिथून डावीकडे उघड्या कातळाची उभी चढण लागते. लोखंडी कठडे बसवलेले आहेत, त्यांना धरून चढायचे. कातळावरून पाणी वाहत होते आणि आम्ही पाच जण कुणी चार पायांवर, कुणी पोटावर, असे वर सरकत होतो. आमच्या बायकामुलांनी हे दृश्य पाहिले नाही, ही त्या दिवसातली पहिली चांगली गोष्ट.

कातळ संपला आणि ढग सुरू झाला.

शहरातले धुके आणि सह्याद्रीतला आषाढी ढग ह्यांत फार फरक आहे. धुक्यात समोरचे अंधुक दिसते. ह्या ढगात समोरचे नसतेच. पुढचा माणूस तीन पावलांवर गेला की आधी त्याचे पाय जातात, मग पाठ, आणि शेवटी नुसता खोकला उरतो. खिंडीपासून देवळापर्यंत एकामागून एक टेकड्या चढायच्या आणि उतरायच्या असतात. लोक सात म्हणतात. आम्ही अकरा मोजल्या. बारावीच्या माथ्यावर एक दगडांची लहानशी रास लागली; तिच्यावर विमेवाल्याच्या बिस्किटाचा पिवळा कागद होता, जो त्याने तासाभरापूर्वी, वारा नेऊ नये म्हणून, दगडाखाली ठेवला होता.

कुणी काही बोलले नाही. सहा वाजून गेले होते. भिजलेल्या अंगात थंडी भरू लागली होती. अशा ढगात वाट चुकून ह्या डोंगरांत माणसे दगावलेली आहेत, हे आम्हांला ठाऊक होते. विमेवाल्याला तर नक्कीच ठाऊक होते, आणि तो ते बोलत नव्हता, ह्याचीच जास्त भीती वाटली.

"आधी चहा करू," डॉक्टर म्हणाला. "स्टोव्ह काढा. काडेपेटी कुणाकडे?"

काडेपेटी, तांदूळ, मीठ आणि तेलाची बाटली ही सारी एका पिशवीत होती आणि ती पिशवी मास्तरकडे होती. निदान निघताना होती. मास्तरने पाठीवर हात फिरवला, खांद्यावर फिरवला आणि म्हणाला, "देवळात राहिली."

"कुठल्या देवळात?"

"नागेश्वराच्या."

म्हणजे तीन तास खाली. आता इथे मागच्या चार महिन्यांच्या रिवाजाप्रमाणे "असू दे रे, त्यात काय एवढं" असे कुणी तरी म्हणायला हवे होते. पण डॉक्टर सकाळपासून उपाशी होता, त्याची छत्री धरणात बुडालेली होती आणि त्याचा डावा बूट वासला होता. तो गरजला.

"गाढवा! एक पिशवी, एकच पिशवी दिली होती तुझ्याकडे! गणित शिकवतोस ना? पाच पिशव्यांतून एक वजा केली तर किती राहतात ते मोजता येत नाही?"

आम्ही बाकीचे जागच्या जागी थिजलो. पाऊस पडत होता तेवढाच आवाज. मास्तरने मान वर केली, चष्म्यावरचे पाणी बोटाने निपटले आणि म्हणाला, "आणि तुझ्या पिशवीत काय आहे? दाखव सगळ्यांना. पाच ब्रश आणि दंतमंजन! तेच शिजव आता!"

पुढची पाच मिनिटे त्या ढगात जे शब्द उमटले ते कुटुंबात वाचायच्या अंकात छापता येणार नाहीत. वकील नकाशावरून बोलला, विमेवाला वकिलावर बोलला, डॉक्टर सगळ्यांवर बोलला, मीही मागे राहिलो नाही. आणि मास्तर, गेले चार महिने "हं" म्हणणारा मास्तर, आम्हां चौघांच्याही एकंदर अकलेवर मुद्देसूद बोलला. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, आणि म्हणून सिद्ध.

ह्या आरडाओरड्याचा एक उपयोग झाला. ढगात एक बॅटरीचा ठिपका हलला आणि इरले पांघरलेला एक माणूस समोर आला. हातात खेकड्यांची पिशवी. आषाढात अंधार पडू लागला की खेकडे बाहेर पडतात आणि त्यांना धरायला आसपासच्या वाड्यांतली माणसे निघतात.

"काय झालं? मारामारी काय?"

"नाही, नाही. आम्ही गडावर चाललोय."

"गडावर? मंग उतरताय कशाला?"

* * *

हा माणूस पाचनईचा. गडाच्या उत्तरेकडच्या पायथ्याच्या ह्या गावातली काही महादेव कोळी कुटुंबे सुट्टीच्या दिवशी देवळाजवळ प्लास्टिकच्या छपराखाली चहा आणि पिठले-भाकरी विकतात. त्यांतलेच ह्याचे एक छप्पर होते. तो पुढे आणि आम्ही एकमेकांच्या पिशव्या धरून मागे, असे पाऊण तास चाललो. त्याला वाट दिसत होती असे नाही. तो पायांनी वाट ओळखत होता. एका जागी तो थबकला आणि म्हणाला, "इथं डाव्या अंगाला सरकू नका." का, हे आम्ही विचारले नाही.

छपरात चूल होती. चुलीत लाकडे ओली, म्हणून धूर भरपूर. पण त्या धुरासारखा सुवास मी आजवर अनुभवलेला नाही. त्याच्या घरच्या बाईंनी आमच्याकडे एकवार पाहिले आणि न विचारता पीठ मळायला घेतले. नागलीची भाकरी, पिठले, लसणाची चटणी. मास्तरने तीन भाकऱ्या खाल्ल्या. मी मोजल्या, कारण चौथी त्याने माझ्या ताटलीतली उचलली.

झोपायला लेण्यात गेलो. वर्णनात लेणे फार छान वाटते. प्रत्यक्षात दगडी जमीन ओली, भिंती पाझरणाऱ्या, आणि कोपऱ्यात आमच्या आधीच मुक्कामाला आलेल्या पिसवा. एकच सतरंजी कोरडी निघाली. ती आडवी अंथरून पाच जण तिच्यावर, म्हणजे प्रत्येकाचे कमरेपुरते अंग कोरडे. झोप कुणाला येणार? बाहेर मंगळगंगा गर्जत होती.

"उद्या इंद्रवज्र दिसेल?" वकिलाने अंधारात विचारले. त्याचा आवाज थोडा ओशाळा होता.

"नाही," मास्तर म्हणाला. "सूर्य लागतो त्याला." मग थोड्या वेळाने त्याने आपणहून सांगायला सुरुवात केली. ढगातल्या बारीक थेंबांवरून उजेड आल्या वाटेने परत फिरतो, म्हणून ते कडे दिसते. आणि गंमत अशी की पाच माणसे ओळीने उभी राहिली तरी प्रत्येकाला ते आपल्याच डोक्याच्या सावलीभोवती दिसते. शेजारच्याचे शेजाऱ्याला. कुणाचे कुणाला दाखवता येत नाही.

बराच वेळ कुणी बोलले नाही. डॉक्टरने कूस बदलली आणि सतरंजी सगळी आपल्याकडे ओढली.

"ए," मास्तर म्हणाला, "मघाशी मला गाढव म्हणालास."

"हो. मग?"

"काही नाही. फाल्गुनापासून मला कुणी रागावलं नव्हतं."

ह्यावर काय बोलायचे ते आम्हांला सुचले नाही. त्याची गरजही नव्हती. डॉक्टरने सतरंजी अर्धा हात सोडली.

* * *

सकाळी ढग तसाच बसलेला. केदारेश्वराची गुहा पाहू म्हटले. तिथे कमरेइतक्या गार पाण्यात मोठे शिवलिंग आहे. भोवती चार खांब होते, त्यांतला एकच आता शाबूत आहे. चार खांब म्हणजे चार युगे, आणि हा शेवटचा पडला की जग बुडणार, असे लोक सांगतात. पण पावसाळ्यात गुहेच्या वाटेवर ओढा आडवा येतो. पलीकडे जाता येईना. जग अजून उभे आहे, एवढ्यावर समाधान मानून आम्ही कोकणकड्याकडे वळलो.

कालचाच माणूस बरोबर होता. अर्ध्या तासाने त्याने हात आडवा धरला. "हाच कडा. हिथून म्होरं पाऊल नाय."

समोर पांढरे. वर पांढरे, खाली पांढरे, डावीउजवीकडे पांढरे. सह्याद्रीतला सर्वांत भव्य कडा पाहायला आम्ही दीड दिवस हाल सोसून आलो होतो आणि आमच्यासमोर धुतलेले धोतर वाळत घातल्यासारखा एक पडदा होता. विमेवाल्याने तरीही फोटो काढला. तो फोटो त्याच्याकडे अजून आहे. कुठली बाजू वर, हे त्यालाही सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र जाणवली. खालून वारा येत होता. कोकणातून उठलेला वारा त्या पोखरलेल्या कड्यावर आपटतो आणि सरळ वर चढतो. काठावरून खाली पडू पाहणारे पाणी तो उचलून माघारी फेकतो. ते पाणी आमच्या तोंडावर येत होते. डोक्यावरचा पाऊस वरून खाली आणि हा खालून वर. समोर दिसत काही नव्हते, पण तिथे जमीन नाही, काही तरी फार मोठे रिकामे आहे, हे कातडीला कळत होते.

मास्तर त्या माणसाने दाखवलेल्या जागेवर ओल्या गवतात खाली बसला. आम्हीही बसलो. तसेही आता आणखी भिजण्यासारखे काही उरले नव्हते.

"तिला दाखवीन म्हणालो होतो," तो म्हणाला. "लग्न झालं तेव्हापासून. पंचवीस वर्षं. दर वर्षी काही तरी निघायचं. परीक्षा, पाहुणे, तिचे गुडघे."

खालून पाण्याचा एक सपकारा आला. त्याने तो तोंडावर घेतला.

"आज मलाही दिसला नाही. बरं झालं. एकट्यानं बघितला असता तर घरी जाऊन सांगायचं कुणाला?"

डॉक्टरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. वकिलाने धीराचे चार शब्द काढले नाहीत. आमच्यात तेवढे त्राणच नव्हते. डॉक्टर आपल्या वासलेल्या बुटाला सुतळी बांधत होता, विमेवाला शिंकत होता. पाचही जण सारखेच चिखलाचे झालो होतो. त्यांत कुणाचे सांत्वन करायचे आणि कुणी करायचे, हे बाहेरून पाहणाऱ्याला ओळखता आले नसते. चार महिने आम्ही त्याच्या दुःखाभोवती चवड्यांवर चालत होतो. इथे चवड्यांवर चालले असते तर घसरून दरीत गेलो असतो.

थोड्या वेळाने मास्तरच म्हणाला, "चला. मला भूक लागली."

उतरलो ते पाचनईच्या बाजूने. ही वाट जवळची. एका उंच कड्याला चिकटून ती जाते, आणि त्या कड्यावरून पावसाळ्यात पाणी थेट डोक्यावर पडते. खाली ओढा चढला होता. त्या माणसाने सांगितले तसे हातात हात अडकवून, आडवी साखळी करून, गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेलो. मधोमध डॉक्टरचा तो सुतळी बांधलेला बूट सुटला आणि छत्रीच्या मार्गाने गेला. साखळी सोडता येईना, म्हणून त्याला नुसता निरोप देता आला. सर्वांत आधी हसू फुटले ते मास्तरला; असे की पाण्यात उभ्या उभ्या त्याला ठसका लागला.

गावाच्या अलीकडे खाचरांत भाताची लावणी चालली होती. बायका गुडघाभर चिखलात, पाठीवर इरली, आवणातली रोपे मुठीमुठीने खोवत पुढून मागे सरत होत्या. आमच्या वाटाड्याने इरले खाली ठेवले, आम्ही दिलेले पैसे कनवटीला लावले आणि तोही चिखलात उतरला. त्याचा दिवस आता सुरू होत होता. एक म्हातारी आमच्याकडे बघून म्हणाली, "लई भिजली पोरं." पन्नाशीच्या वरच्या आम्हां पाच पोरांना त्या दिवशी ते शब्द फार गोड लागले. पाचनईहून जीपने राजूर, राजूरहून एस.टी.ने घोटी, आणि पुढे इगतपुरीहून रेल्वे, असे रात्री उशिरा घरी पोचलो. आठवडाभर चौघांना सर्दी होती. पाचव्याला, म्हणजे मास्तरला, काही झाले नाही. सोमवारी तो शाळेत गेला आणि दहावी 'क'मध्ये कुणी तरी मागच्या बाकावरून कागदी बाण मारला, तेव्हा त्याने त्या मुलाला वर्गाबाहेर काढले. ही बातमी त्याने मला संध्याकाळी आवर्जून सांगितली.

त्याचे दुःख सरले असे मी म्हणणार नाही. तसे ते सरत नसते. पण त्या दिवसानंतर आम्ही त्याच्या घरी पूर्वीच्या आवाजात बोलू लागलो, आणि चहात साखर नसली तर "मास्तर, साखर!" असे ओरडू लागलो.

आता वाचकांपैकी कुणी हरिश्चंद्रगडावर जाणार असतील तर त्यांनी शक्यतो पाऊस ओसरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास जावे. तेव्हा गडावर फुले असतात, आभाळ निवळलेले असते आणि कोकणकडा जागेवर असतो. हा सारा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा कागद-पिशव्या माघारी आणाव्यात; विमेवाल्याच्या बिस्किटाचा कागदही आम्ही परत आणला. पहिल्यांदा जाणाऱ्याने पाचनईची वाट धरावी. नकाशा जरूर न्यावा, पण सोबत गावातला माणूस घ्यावा आणि तो "आज नको" म्हणाला तर पायथ्याशीच भाकरी खाऊन परतावे. कड्याच्या काठाशी उभे राहू नये. कोरडे कपडे दुहेरी पिशवीत बांधावेत.

आणि काडेपेट्या दोन न्याव्यात, दोन निरनिराळ्या माणसांकडे. त्यांतला एक गणिताचा मास्तर नसावा.